सर्जन किती तास जागा आहे?

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा वेळेचा. ‘सकाळी पहिल्याच नंबरावर घेणार ना?’ अमावास्या टाळली जाते, सिझेरियन आधीच ठरलेले असेल तर मुहूर्तही काढून आणला जातो. ही रीत आजची नाही. सुश्रुतसंहितेतही शस्त्रकर्माआधी शुभ तिथी, मुहूर्त आणि नक्षत्र पाहण्याचा उल्लेख आहे. ग्रहताऱ्यांचा भाग बाजूला ठेवला तरी या चौकशीच्या तळाशी एक रास्त शंका उरतेच: पोटात सुरी घालणारा हात दिवसाच्या सगळ्या वेळी सारखाच चालतो का? गेल्या पाव शतकात या शंकेची तपासणी अनेक देशांत, हजारो-लाखो रुग्णांच्या नोंदी चाळून झाली आहे. ते सगळे पुरावे शेजारी शेजारी ठेवले तर माझ्या मते त्यांचा कल एका दिशेला आहे. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले आहेत, याला आपण समजतो तेवढे महत्त्व नाही. सर्जन किती तासांपासून जागा आहे, त्याच्या शरीराच्या लेखी ती रात्र आहे की दिवस, आणि गेल्या पंधरवड्यात त्याची झोप किती बुडाली आहे, याला मात्र फार महत्त्व आहे. आणि नेमकी हीच माहिती कोणी विचारत नाही.

आधी त्या आतल्या घड्याळाविषयी. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने वेळेवर उघडत-मिटत राहिली. वेळ बाहेरून सांगावी लागत नाही, ती सजीवाच्या आतच असते, ही कल्पना तिथून सुरू झाली. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाला चालवणारे जनुक शोधले, आणि त्या जनुकाचे काम कसे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या अगदी वर बसलेले आहे. त्यात सुमारे वीस हजार पेशी आहेत. त्याचा स्वतःचा फेरा चोवीस तासांहून किंचित मोठा असतो आणि रोजचा उजेड त्याला मागेपुढे करून जागेवर आणतो. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते आणि सावधपणाही त्याच वेळी तळ गाठतो. दुपारी जेवणानंतर एक लहानसा उतार येतो. संध्याकाळी तापमान चढते तसा स्नायूंचा जोरही वाढतो. या घड्याळाबरोबर आणखी एक हिशेब चाललेला असतो. जागेपणाचा प्रत्येक तास झोपेची ओढ वाढवतो. हे दोन्ही एकमेकांना सावरून धरतात तोवर माणूस ठीक असतो. रात्र उलटून पहाट व्हायला येते तेव्हा मात्र दोन्ही एकाच दिशेने खाली खेचू लागतात.

प्रत्येकाचे घड्याळ एकाच ठिकाणी लावलेले नसते, हे तर घरोघरी दिसते. कोणी कोंबडा आरवायच्या आत उठून कामाला लागतो, कोणाला रात्री अकरानंतरच तरतरी येते. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये हा स्वभाव मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरात आहे. पुढे रोनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा जमवून दाखवले की हा स्वभाव वयाबरोबर सरकतो. विशीच्या आसपास माणूस सर्वांत उशिरा झोपणारा-उठणारा असतो, आणि नंतर वर्षागणिक लवकरच्या बाजूला झुकत जातो. शस्त्रक्रियेच्या चर्चेत या निष्कर्षाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. पन्नाशीच्या सर्जनला सकाळी आठची वेळ सुखाची वाटते, ती केवळ शिस्तीमुळे नाही, त्याच्या वयाचे शरीरही त्याला साथ देत असते. त्याच्यासमोर हुक धरून उभा असलेला पंचविशीतला निवासी डॉक्टर सहाला राउंड घेऊन आलेला असतो. त्याच्या शरीराच्या हिशेबाने अजून पुरते उजाडलेले नसते.

म्हणून ‘सर्जनांना सकाळ आवडते’ हे वाक्य पुरावा म्हणून घेताना जपून घ्यावे. सकाळच्या पसंतीमागे घड्याळाखेरीज बरेच काही असते. रुग्ण रात्रभर उपाशी असतो, मधुमेही आणि लहान मुले फार वेळ उपाशी ठेवता येत नाहीत. जंतुसंसर्ग झालेल्या केसेस शेवटी ठेवायच्या, म्हणून स्वच्छ केसेस आधी लागतात. रक्तपेढी, प्रयोगशाळा, एक्स-रे सगळीकडे पूर्ण माणसे हजर असतात. ऑपरेशननंतर रक्तस्राव झालाच तर तो उजेडात, सगळे जागे असताना लक्षात येतो. यातले एकही कारण सर्जनच्या मेंदूतले नाही, तरी सगळी सकाळच्याच पारड्यात पडतात. उलट बाजूने, कोणाची कामगिरी केव्हा शिखरावर असते हे खेळाडूंवर तपासले, तेव्हा २०१५ च्या एका लहानशा ब्रिटिश अभ्यासात दिसले की लवकर उठणारे उठल्यापासून साडेपाच तासांनी सर्वोत्तम असतात, तर उशिरा उठणारे तब्बल अकरा तासांनी. सर्जन काही धावपटू नाही, त्याच्या कामात नुसत्या जोरापेक्षा निर्णय मोठा. तरी एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही की ‘उत्तम वेळ’ ठरवायची तर ती उठल्यापासून मोजायला हवी.

आता दिवसाच्या वेळांचा थेट पुरावा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयातील नव्वद हजारांवर भूल दिलेल्या केसेसचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात अनिष्ट घटनांची शक्यता सकाळी नऊला सुरू होणाऱ्या केसेसमध्ये एक टक्का होती आणि दुपारी चारला सुरू होणाऱ्यांत ४.२ टक्के. हा आकडा लोकप्रिय पुस्तकांतून खूप फिरला, आणि ‘दुपारी ऑपरेशन नको’ असा त्याचा अर्थ लावला गेला. पण त्या घटना कोणत्या होत्या हे पाहिले तर चित्र बदलते. त्यांत वेदना नीट न आवरणे, मळमळ-उलटी आणि व्यवस्थेतला विलंब यांचा वाटा मोठा होता. दुपारी भूल देणाऱ्यांची पाळी बदलते, ही शक्यता अभ्यासकांनीच पुढे केली होती. २०११ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी आधी ठरवून केलेल्या ३२,००१ सामान्य शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांपैकी कोणत्याही तासाचा तीस दिवसांतल्या मृत्यूशी संबंध आढळला नाही. त्यांनी वार तपासला, महिना तपासला, आणि चंद्राच्या कलाही तपासल्या. कशानेही फरक पडला नाही. अमावास्येच्या भीतीला आकडेवारीने दिलेले याहून सरळ उत्तर माझ्या पाहण्यात नाही. त्याच वर्षी हृदय आणि फुप्फुस प्रत्यारोपणाच्या २७,११८ अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अवयव मिळेल तेव्हाच करावी लागणारी ही शस्त्रक्रिया अर्ध्या वेळा रात्रीच होते. एका वर्षानंतर जगलेल्यांचे प्रमाण दिवस आणि रात्र यांत जवळपास सारखेच निघाले.

यावरून वेळेचा काहीच परिणाम नाही असे म्हणावे, तर दुसरीकडून वेगळी साक्ष येते. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत डॉक्टरला किती गाठी सापडतात हे सरळ मोजता येते, म्हणून ती लक्ष टिकण्याची चांगली कसोटी आहे. २००९ च्या एका अभ्यासात सकाळी २९.३ टक्के रुग्णांत अशा गाठी सापडल्या, दुपारी २५.३ टक्क्यांत. रुग्ण सारखेच, यंत्र तेच. मग दुपारची वेळच वाईट का? दोन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने पाहिले की डॉक्टर अर्ध्या दिवसाच्या पाळीने काम करत असतील, म्हणजे दुपारचा माणूस दुपारीच ताजा आलेला असेल, तर सकाळ-दुपारचा फरक राहत नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण विषयाची किल्ली या दोन अभ्यासांच्या जोडीत आहे. पहिला एकटा वाचला तर दोष घड्याळाला जातो. दुसरा जोडून वाचला की दोष सलग कामाचा ठरतो. अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांत हात धुण्याच्या नोंदी पाहिल्या तेव्हाही हेच दिसले: बारा तासांच्या पाळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात धुण्याचे प्रमाण ८.७ टक्क्यांनी खाली आले. हात धुणे हे काही कौशल्याचे काम नाही. थकवा आधी अशाच बारीक, सवयीच्या गोष्टी खातो. टाका घालायला हात विसरत नाही, पण मोजणी पुन्हा करून घ्यायला, शंका आली तर वरिष्ठाला फोन करायला मन कंटाळते.

इथे एक वेगळा धागा मध्ये येतो आणि तो सर्जनच्या घड्याळाशी गल्लत करून टाकतो. फ्रान्समधल्या लील येथील संशोधकांनी महाधमनीची झडप बदललेल्या ५९६ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. दुपारी शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढच्या पाचशे दिवसांत हृदयाच्या गंभीर घटनांचा धोका सकाळच्यांच्या निम्मा होता. मग त्यांनी ८८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे सकाळ-दुपारमध्ये वाटले, तेव्हाही दुपारच्या गटात हृदयाच्या स्नायूची इजा कमी निघाली. कारण त्यांनी हृदयाच्या पेशींच्या स्वतःच्या घड्याळात शोधले. रक्तपुरवठा काही काळ थांबून पुन्हा सुरू होताना होणारी इजा दुपारचे हृदय जास्त चांगली सोसते, असा तो युक्तिवाद. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या भाजलेल्या ११८ रुग्णांच्या नोंदींत दिवसा झालेल्या जखमा सरासरी १७ दिवसांत, तर रात्रीच्या २८ दिवसांत भरल्याचे दिसले. म्हणजे घड्याळ दोन आहेत, कापणाऱ्याचे आणि कापून घेणाऱ्याचे. हृदयशस्त्रक्रियेबद्दलचा तो निष्कर्ष नंतरच्या काही पाहण्यांत तसाच उतरला नाही, त्यामुळे त्यावर वेळापत्रक उभारणे घाईचे होईल. पण एक गोष्ट त्यातून निघते. सकाळचा सर्जन ताजा म्हणून सकाळचा निकाल चांगला, हे गृहीतक लीलमध्ये तरी टिकले नाही.

दिवसातल्या तासांवर इतके लिहून झाल्यावर खरा प्रश्न राहतो तो रात्रीचा आणि तिच्या दुसऱ्या दिवसाचा. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. सतरा तास जागे राहिल्यावर हात आणि डोळा यांच्या मेळात जी घट येते ती रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी असते. चोवीस तासांनंतर ती दुप्पट दारूइतकी होते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव यंत्रावर रात्रभर जागलेल्या सर्जनांची चाचणी १९९८ मध्ये झाली, तेव्हा त्यांच्या चुका वीस टक्क्यांनी वाढल्या आणि वेळ चौदा टक्के जास्त लागला. २००४ मध्ये बोस्टनच्या अतिदक्षता विभागांत चोवीस तासांवर ड्युटी करणाऱ्या इंटर्नकडून, आखूड पाळीतल्यांच्या तुलनेत, गंभीर चुका ३५.९ टक्के जास्त झाल्या. आणि याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष २००३ चा आहे. रोज सहा तासांच्या झोपेवर दोन आठवडे काढणाऱ्यांची कामगिरी सलग एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांइतकी घसरत जाते, पण त्यांना स्वतःला आपण थोडेसेच झोपाळलेलो आहोत असे वाटत राहते. ‘मला सवय आहे’ हे वाक्य प्रामाणिक असते, फक्त ते खरे असेलच असे नाही. थकलेला मेंदू स्वतःचा थकवा मोजायला नालायक ठरतो, म्हणून सर्जनच्या पसंतीवर आणि अंदाजावर वेळापत्रक सोडून देता येत नाही.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप कॅनडातून येतो. ऑन्टॅरिओ प्रांतात मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेत रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी केलेल्या शस्त्रक्रिया २०१५ मध्ये तपासल्या गेल्या. १४४८ डॉक्टर, ३८,९७८ रुग्ण. मृत्यू, गुंतागुंत किंवा पुन्हा भरती यांचे प्रमाण रात्र जागलेल्यांकडे २२.२ टक्के, न जागलेल्यांकडे २२.४. म्हणजे फरक शून्य. मग प्रयोगशाळेतल्या त्या चाचण्यांचे काय करायचे? आक्षेप गंभीर आहे आणि तो टोलवून लावू नये. अनुभवी सर्जन थकव्याची भरपाई करू शकतो, हे मान्य करायलाच हवे. परिचित ऑपरेशनमध्ये हातांना वाट पाठ असते, आणि त्याच्याभोवती भूलतज्ज्ञ, सहायक, परिचारिका असे जागे डोळे असतात. पण या अभ्यासात मोजलेली गोष्ट ‘रात्री एक तरी रुग्ण पाहिला’ ही आहे. किती झोप झाली, ही नाही. शिवाय हे सगळे ज्येष्ठ डॉक्टर आहेत. फारच थकवा वाटला तर लिस्ट पुढे ढकलण्याचा अधिकार त्यांच्या हातात असतो, आणि ढकललेली केस या हिशेबात जागलेल्यांच्या खात्यावर येतच नाही. २००९ मधल्या बोस्टनच्या अभ्यासातही एकूण फरक नगण्यच होता. मात्र रात्री झोपायला सहा तास किंवा त्याहून कमी वेळ मिळालेल्यांना वेगळे काढले, तेव्हा गुंतागुंतीचे प्रमाण ६.२ टक्के निघाले, जास्त झोपलेल्यांचे ३.४. सरासरीत झाकलेला धोका तुकडे केल्यावर दिसला.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा आणि सातत्याचा. रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात गेला की माहिती गळते, हे खरे आहे. ऑन्टॅरिओतच मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये भूलतज्ज्ञ मध्येच बदलला तर गुंतागुंत वाढते असे २०१८ मध्ये दिसले. अमेरिकेत २०१४-१५ मध्ये ११७ शस्त्रक्रिया प्रशिक्षण केंद्रांवर एक प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांनी सलग ड्युटीच्या मर्यादा शिथिल केल्या, निम्म्यांनी पाळल्या. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत ९.१ आणि ९.० टक्के, म्हणजे सारखीच. निवासी डॉक्टरांच्या तासांवर बंधन नको म्हणणारे हा प्रयोग पुढे करतात. ते एक तपशील गाळतात. शिथिल गटातही आठवड्याला ऐंशी तासांची कमाल मर्यादा आणि सुटीचा दिवस कायम होता. भारतात १९९२ च्या केंद्रीय निर्देशात साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तास असे लिहिले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आकडा गेला आणि ‘वाजवी तास’ एवढेच शब्द उरले. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने ७४ तासांची शिफारस केली. आपल्या सरकारी रुग्णालयांत युनिटचा इमर्जन्सी दिवस म्हणजे सकाळ, रात्र आणि पुन्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ. तो दिवस ज्याच्या अंगावर असतो त्याच्यावर अमेरिकी प्रयोगाचा निष्कर्ष लावता येत नाही. कारण त्या प्रयोगात प्रत्येकाच्या आठवड्याच्या तासांना कमाल मर्यादा होती. आणि वयाने उशिरा उठणारा असलेला हा डॉक्टरच पहाटे चारला अपेंडिक्स काढतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: फुटलेले आतडे, अडलेली बाळंतीण, अपघातातला रक्तस्राव सकाळची वाट पाहत नाहीत. बरोबर आहे, आणि कोणी पाहायला सांगतही नाही. पण रात्री होणाऱ्या सगळ्याच ऑपरेशनांना ही घाई नसते. बरीचशी रात्री होतात, कारण दिवसा टेबल ठरलेल्या लिस्टने अडवलेले असते. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची गोपनीय चौकशी करणाऱ्या संस्थेने ‘कोण केव्हा ऑपरेशन करतो’ याच नावाने १९९७ आणि २००३ मध्ये अहवाल काढले. जीव किंवा अवयव धोक्यात नसेल तर रात्री टेबलावर घेऊ नका, आणि त्यासाठी दिवसा इमर्जन्सीकरता एक थिएटर पूर्ण माणसांसह मोकळे ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. या उपायात कोणाच्याही स्वभावाची प्रश्नावली भरावी लागत नाही. लवकर उठणाऱ्या सर्जनला सकाळ, उशिराच्याला दुपार, असे वाटप मोठ्या खाजगी रुग्णालयात कदाचित जमेल, आणि जमले तर करावेही. जिथे चार सर्जन आणि दोन टेबले आहेत तिथे मात्र पहिले काम एकच: रात्रभर जागलेल्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या लांबलचक केसवर लागू नये. त्याला वीस मिनिटांची डुलकी घ्यायला ओटीजवळ एक खाट असावी. डुलकीतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे डोके जड असते, एवढे ध्यानात ठेवून ती घ्यावी.

ओटीच्या रजिस्टरमध्ये रुग्णाचे नाव, वय, निदान, ऑपरेशन, सर्जन, सहायक, भूलतज्ज्ञ, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, असे रकाने असतात. त्यांना आणखी एक जोडायला जागा आहे: मुख्य हात शेवटचा केव्हा आणि किती तास झोपला होता. पगार कापण्यासाठी किंवा चौकशी लावण्यासाठी हा रकाना वापरला तर तो पहिल्या आठवड्यातच खोटा भरला जाईल, म्हणून नाव काढूनच त्याची बेरीज व्हावी. महाराष्ट्रातल्या दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांनी एक वर्ष तो प्रामाणिकपणे भरला, तर ऑन्टॅरिओच्या अभ्यासाने जे मोजले नाही ते मोजले जाईल.